पन्नास किलोमीटरचं मेण

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये आमच्या वयाच्या मंडळींची पार्टी असली की जेवणाआधी एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही कुठे होतात?" म्हणजे कुठल्या मोटार कंपनीत होतात. इथला निवृत्त मराठी माणूस हा इंजिन, गिअर किंवा ब्रेक यांपैकी कशाचा तरी माणूस असणार हे गृहीतच असतं. मी सांगतो, "मी वरती उत्तरेला होतो. स्कीला मेण लावायचो." समोरचा हसतो, मी थट्टा करतोय असं समजतो आणि पुढच्या माणसाकडे वळतो.

आपल्या मंडळाच्या यंदाच्या अंकाची संपादक अनघा मात्र वळली नाही. ती इथेच जन्मलेली, माझ्या मित्राची मुलगी. "काका, सीरियसली? तुम्ही स्की रेस जिंकायचात?"

"मी नाही गं. मी तर चालतानाही पडायचो. मी मेण लावलेल्या स्कीवर दुसरे जिंकायचे."

"देन यू हॅव टू राइट धिस," ती म्हणाली. "आणि मराठीत लिहा हं. आई मला वाचून दाखवेल."

तर अनघा, आईला जवळ बसव.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटकडे मोटारींचा धंदा बसला आणि त्याबरोबर मीही बसलो. गाड्यांचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी होतो. रंगावर चढवायच्या मेणाच्या लेपांवर माझं काम चालायचं. एका शुक्रवारी आमच्या सगळ्या विभागालाच घरी पाठवलं. माझी बायको शैला भूलतज्ज्ञ. तिला मिशिगनच्या अगदी उत्तर टोकाच्या एका गावातल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली. तिथे जायला अमेरिकन डॉक्टर तयार नसत, कारण नोव्हेंबर ते एप्रिल तिथे बर्फाशिवाय काही नसे. आम्ही गेलो. मित्र म्हणाले, "मजा आहे यार तुझी, बायको कमावणार आणि तू शेकोटीशी बसणार." पहिला महिना मी खरोखर शेकोटीशी बसलो. माणूस रिकामा बसला की त्याला काय काय सुचतं ते निवृत्तांना सांगायला नको.

गावात स्कीचं एक दुकान होतं. मालकाचं नाव अर्वो. वय अडुसष्ट. आईवडील फिनलंडहून खाणकामाला आलेले, हा इथेच जन्मलेला. मी आत शिरलो तो निव्वळ ऊब मिळावी म्हणून. तो टेबलावर एक स्की उलटी टाकून कपड्यांच्या इस्त्रीने तिच्यावर मेण वितळवत होता आणि मेणातून धूर निघत होता. माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "इस्त्री फार गरम आहे. मेण जळतंय, त्याचा गुण जाईल." त्याने वर पाहिलं, इस्त्री कमी केली, धूर थांबला. मग त्याने मला कॉफी दिली आणि तो स्वतःची कॉफी बशीत ओतून, दातात साखरेचा खडा धरून फुर्रकन प्यायला. पृथ्वीच्या पाठीवर बशीतून पिणारा आपल्याबाहेरचा हा पहिलाच माणूस मी पाहिला. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे कामाला होतो. सासूबाई पुण्याहून फोनवर विचारायच्या, "जावई सध्या काय करतात?" शैला सांगायची, "मेणाच्या कामात आहेत." मी मेणबत्त्या बनवतो असं त्यांना बरीच वर्षं वाटत होतं.

तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मीही त्याला तोंडाने अर्वोच म्हणायचो. पण मनातल्या मनात मी त्याच्याशी कायम 'अहो-जाहो'च बोललो. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ त्यात आहे.

आता हा खेळ काय ते सांगतो. टीव्हीवर डोंगरावरून सुसाट खाली येतात ते वेगळे. त्यांना लिफ्ट वर नेते आणि पृथ्वी खाली आणते. आमच्या खेळात जंगल, शेतं, चढ, उतार, गोठलेलं तळं, सगळं आपल्या हातापायांनी कापायचं. पन्नास किलोमीटर. पुण्याहून निघून कामशेत गाठण्यासारखं, तेही पायात लांब अरुंद पट्ट्या बांधून आणि हातात दोन काठ्या घेऊन.

गंमत अशी की या पट्ट्यांनी एकाच वेळी दोन उलट कामं करायची असतात. पुढे घसरायचं असतं आणि मागे मात्र घसरायचं नसतं, नाही तर चढ चढणार कसा? म्हणून स्की मधोमध थोडी उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन वाटून घसरत असलात की मधला भाग बर्फाला टेकत नाही. एका पायावर दाब देऊन रेटा दिलात की टेकतो. त्या मधल्या हातभर भागाला जे मेण लावायचं ते बर्फाला धरतं. उरलेल्या भागाला जे लावायचं ते पळतं. शैलाला समजावताना मी त्यांना पकडीचं मेण आणि घसरीचं मेण अशी नावं दिली, ती आमच्या घरात अजून चालतात.

पकडीचं मेण हीच खरी विद्या. ताज्या बर्फाचे कण टोकदार असतात, ते मेणात रुततात आणि धरतात. मेण जास्त मऊ झालं तर रुतलेले कण निघत नाहीत, पायाखाली बर्फाचे गोळे धरतात. जास्त कडक झालं तर कण रुततच नाहीत आणि माणूस जागच्या जागी पाय झाडत बसतो. थंडीला हिरवं मेण, त्याहून कमी थंडीला निळं, मग जांभळं, लाल. आणि वितळून पुन्हा गोठलेल्या दाणेदार बर्फासाठी ट्यूबमधला एक चिकट पदार्थ, अगदी काकवीसारखा. तो बोटांना लागला की दोन दिवस जात नसे. शैलाच्या कुठल्याही भांड्याला हात लावायला मला तेव्हा बंदी असे.

आमचे शरद नाडकर्णी हे प्रकरण विसरणार नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेऊनच सांगतो. ते डेट्रॉइटकडे इंजिनिअर. ऑफिसात कुणीतरी डिवचलं म्हणून त्यांनी स्पर्धेत नाव घातलं आणि सकाळी आमच्या दुकानातून पकडीचं मेण नेलं. मी सांगितलं, फक्त मध्ये लावा. त्यांनी विचार केला की पोळीला तूप लावताना आपण फक्त मध्ये लावतो का? त्यांनी टोकापासून शेवटापर्यंत व्यवस्थित लावलं. सुरुवातीच्या रेषेपासून शंभर पावलांवर पहिला उतार होता. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, एक कुत्रा, सगळे त्यांना मागे टाकून खाली गेले आणि हे उतारावर उभे. "यार श्री," ते तिथूनच ओरडले, "याला हँडब्रेक लागलाय का?" मग त्यांनी स्की काढून खांद्यावर टाकल्या आणि सरळ पार्किंगकडे गेले. अजूनही माझ्याकडे पोळी खाताना ते तूप नको म्हणतात.

पण शरदराव हसण्यावारी नेण्याजोगे. जे खरोखर जिंकायला येत त्यांचं पाहिलं की कळायचं, हा खेळ पायांचा जेवढा तेवढाच डोक्याचा आणि पोटाचा. एक लाकूडतोड्या यायचा, बैलासारखी ताकद. तिसाव्या किलोमीटरला सगळ्यांच्या पुढे असायचा आणि चव्वेचाळिसाव्याला बर्फात बसलेला सापडायचा. त्याचं म्हणणं, "मला तहान लागलीच नव्हती." थंडीत तहान लागत नाही, घाम मात्र तेवढाच जातो. तहान लागायच्या आधी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं, कोमट आणि गोड, दर काही किलोमीटरला, आवडो न आवडो. वारा समोरून असेल तर दुसऱ्याच्या पाठीमागे राहायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये जो तुम्हाला ओलांडून जातो त्याला जाऊ द्यायचं. हे सगळं करूनही मेण चुकलं तर सगळं पाण्यात. अर्वो सांगायचा, सुरुवातीला पळणारं मेण कुणीही लावेल. चाळीस किलोमीटर बर्फाने घासल्यावर जे शिल्लक राहील ते लावायला शिक.

रूथ आमच्याकडे यायची ती अशीच सगळं ठाऊक असलेली. चौतीस वर्षांची, उंच, कमी बोलणारी. ती गावाबाहेरच्या शेतवाड्यांवर टपाल वाटायची. दुपारी तीनला टपाल संपलं की जंगलात दोन तास स्की. पन्नास किलोमीटरच्या आमच्या स्पर्धेत ती बायकांत दोनदा दुसरी आली होती. मी एकदा तिचं कौतुक करायला गेलो तर म्हणाली, "दुसरी कोण आली ते गावात कुणाला आठवत नाही, श्री. मला रोज आठवतं." तिचा उजवा गुडघा गेलेला होता. डॉक्टर ऑपरेशन करायला सांगत होते, आणि ऑपरेशननंतर शर्यत नाही. तिने त्यांच्याकडून दोन हिवाळे मागून घेतले होते. त्या दोन हिवाळ्यांत तिला एकदा पहिलं यायचं होतं, बाकी काही नाही.

पहिल्या हिवाळ्यातली शर्यत. पहाटे अर्वोने मला गाडी घेऊन मार्गाच्या पलीकडच्या भागात पाठवलं, तळ्याच्या बाजूला. तो स्वतः सुरुवातीच्या जागी राहिला. तिथे वर दोन बोटं ताजा बर्फ पडला होता, सुरेख, निळ्या मेणासाठी जणू बेतलेला. गाडी रस्त्यावर सोडून मी तळ्याच्या बाजूला चालत गेलो आणि हातमोजा काढून बर्फात हात घातला. वर तोच ताजा बर्फ, पण खाली आठवड्यापूर्वीच्या पावसाने गोठलेला जुना बर्फ, खडीसाखरेसारखा दाणेदार आणि धारदार. वरचा पातळ थर पुढच्या शंभरेक लोकांच्या स्कीखाली निघून जाणार, आणि मग तो खालचा बर्फ रूथच्या पायाखालचं निळं मेण काचकागदाने घासावं तसं घासून काढणार. पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे तिच्याकडे पकड उरणार नव्हती. उपाय मला माहीत होता. खाली त्या ट्यूबमधल्या काकवीचा अगदी पातळ हात द्यायचा, बाहेर थंडीत गोठवायचा, आणि त्यावर निळं. मग निळं निघत नाही.

मी परत आलो तेव्हा तंबूत पाच-सहा जण होते. रूथ होती, तिचे दोन सोबती, दुसऱ्या गावचे मेणवाले. अर्वोने रूथच्या स्कीवर निळ्याचा शेवटचा थर बुचाच्या ठोकळ्याने घासून गुळगुळीत केला होता. काम झालं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"मग? निळं बरोबर आहे ना?"

चाळीस वर्षं हे काम करणारा माणूस. समोर गिऱ्हाईक, समोर परगावचे लोक. आमच्या घरी वडील पाहुण्यांसमोर "बरोबर आहे ना?" असं विचारायचे तेव्हा ते विचारणं नसायचंच, आपण मान डोलवायची असायची. मी मान डोलवली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

मनात असं की यांना बाजूला घेऊन हळूच सांगू, म्हणजे यांचा मानही राहील. पण बाजूला घ्यायला वेळच मिळाला नाही. भोंगा झाला, सगळे रेषेकडे धावले.

पस्तिसाव्या किलोमीटरला कोमट सरबताचा पेला धरून मीच उभा होतो. रूथ पहिली आली. पण मी दुरूनच पाहिलं, रेटा दिला की तिचा पाय मागे निसटत होता. तिने पेला घेतला आणि एवढंच म्हणाली, "गेलं. मेण गेलं." पुढचे पंधरा किलोमीटर ती नुसत्या हातांनी, काठ्या रेटत गेली. शेवटच्या तळ्यावर एका मुलीने तिला गाठलं, पिवळ्या टोपीच्या, कुठल्याशा कॉलेजातल्या. रूथ तिसऱ्यांदा दुसरी आली.

घरी येऊन मी जेवलो नाही. शैलाने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"अगं, ते केवढे मोठे. सगळ्यांसमोर त्यांना—"

"अहो, मॉनिटरवर मला प्रेशर ड्रॉप होताना दिसतंय, आणि सर्जन सीनियर आहेत म्हणून मी गप्प बसले तर? पेशंट जाईल ना! मी ओरडते. मी ऑपरेशन स्टॉप करायला लावते. नंतर सॉरी म्हणते. तुमच्यासारखं मान डोलवत बसले असते तर मला कुणी थिएटरमध्ये उभं केलं नसतं." मग जरा थांबून म्हणाली, "उद्या रूथला जाऊन सांगा. फोन करू नका, जा."

मी गेलो. रूथ टपालाच्या गाडीत पत्रं लावत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, हातातली पत्रं तशीच. मला वाटलं, ही आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे तुला सकाळीच माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला एक हिवाळा उरलाय, श्री."

"माहीत आहे."

"पुढच्या वर्षी माझ्या स्कीचा शब्द शेवटचा तुझा. आणि तू तोंड उघडायचंस. मला तुझे चांगले मॅनर्स नकोत." तिने गाडी सुरू केली आणि गेली. मी बर्फात उभा राहिलो. मला तिचा राग आला नाही, स्वतःची शरम वाटली, आणि ती बराच काळ टिकली. अर्वोला मात्र मी काही सांगितलं नाही. ते धाडस मला एक वर्षभर झालं नाही.

त्याच काळात आमच्या खेळात एक उलथापालथ चालली होती. काही तरुण पोरं पुढे-मागे पाय रेटायचं सोडून बर्फावर स्केटिंग करतात तसे पाय बाजूला फेकून जाऊ लागली होती. या पद्धतीत पकडीचं मेण लागतच नाही, कारण रेटा कडेने दिला जातो. टोकापासून शेवटापर्यंत नुसतं घसरीचं मेण. सपाटीवर हे लोक वाऱ्यासारखे जात. पण लांबच्या चढावर पाय भरून येत, आणि ताज्या मऊ बर्फात स्की बाजूला रुतत. अर्वोला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. "हे बर्फावरचं नाचणं आहे," तो म्हणायचा. "चढ आला की यांना पकड आठवेल." रूथने मात्र उन्हाळाभर चाकांच्या स्की बांधून शेतवाड्यांच्या रस्त्यांवर हे शिकून घेतलं. तिचं म्हणणं, कडेने रेटताना गुडघा कमी दुखतो. तरी शर्यतीत काय करायचं ते शर्यतीच्या दिवशीचा बर्फ सांगेल असं आमचं ठरलं होतं.

आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी चार बोटं बर्फ पडला.

अर्वो खूश. मऊ ताजा बर्फ, म्हणजे नाचणारे रुतणार. सकाळी मी मार्ग बघून येईपर्यंत त्याने रूथच्या स्कीवर पकडीच्या मेणाचे दोन थर चढवलेही होते. मी या वेळी सगळा मार्ग पाहिला होता, जमेल तिथे गाडीने, नाही तिथे पायी. मार्ग दाबणारं यंत्र पहाटे फिरून गेलं होतं आणि त्यानंतर पारा एकदम उतरला होता. दाबलेला बर्फ आवळून आला होता. मी टाच आपटली तर टाच रुतली नाही. शिवाय पुरुषांची शर्यत आधी सुटणार होती. ते शेकडो लोक तोच बर्फ आणखी दाबून पुढे जाणार होते. अडचण एकच. अडतिसाव्या किलोमीटरला एक लांबलचक चढ होता. तिथे पकड नसलेली स्की म्हणजे जुगार. पण चढाच्या पलीकडे बारा किलोमीटर उतार, सपाटी आणि तळं. पकडीचं मेण लावलेली स्की तिथे पाय ओढणार.

तंबूत तेवढीच गर्दी होती. परगावचे मेणवाले तेच होते. पिवळ्या टोपीची मुलगी पलीकडच्या टेबलापाशी होती, तिच्या स्कीला पकडीचं मेण लागत होतं. अर्वोने मला विचारलं, "मग?"

मी मोठ्याने म्हणालो, कारण हळू म्हणालो असतो तर पुन्हा गिळून टाकलं असतं.

"नाही, अर्वो. पायाखाली काहीच नको. सगळं काढायचं."

अर्वोने बुचाचा ठोकळा खाली ठेवला.

"चढावर ती चालत जाईल."

"नाही जाणार. बर्फ दगडासारखा आहे. मी पाहून आलोय."

"आणि गेली तर?"

"तर दोष माझा. पण पकड लावली तर तळ्यावर हरेल, हे मी आत्ताच सांगतो."

रूथ एवढंच म्हणाली, "शेवटचा शब्द श्रीचा. असं ठरलंय." अर्वोने चिंधी घेतली, बाटलीतला द्रव तिच्यावर ओतला आणि आपणच लावलेलं मेण आपल्या हाताने पुसू लागला. मला वाटलं मी पुसावं, मी हात पुढे केला, त्याने तो बाजूला केला. सुटायला पंधरा मिनिटं उरली होती.

चढाच्या पायथ्याशी मी सरबत धरून उभा राहिलो. रूथ आणि पिवळी टोपी बरोबरच आल्या. रूथने पेला घेतला, अर्धा प्यायली, अर्धा अंगावर सांडला. मग चढ लागला. पिवळी टोपी जिना चढावा तशी पकडीवर टकाटक वर गेली. रूथ पाय बाजूला फेकत, काठ्यांवर सगळं अंग टाकत तिच्या मागे. पाच स्कीचं अंतर, दहाचं, वीसचं. माथ्यावर पोचेपर्यंत पिवळी टोपी झाडांआड गेलीही होती. रूथ चालली नाही, एकदाही थांबली नाही, पण मागे पडली. मी पेला तिथेच टाकला आणि गाडीकडे धावलो. शेवटच्या रेषेपर्यंतचा तो रस्ता मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी गाडीत एकटाच मराठीत बोलत होतो.

अर्वो रेषेजवळ उभा होता. मी त्याच्याशेजारी उभा राहिलो, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. समोर गोठलेलं तळं, पांढरं आणि सपाट. पलीकडच्या काठावरच्या झाडांतून पुरुषांतले मागे राहिलेले एकेक जण निघत होते. मग पिवळा ठिपका दिसला. त्याच्या मागे निळा ठिपका निघाला, रूथच्या जॅकेटचा. तो पुष्कळ मागे होता, मग तितका मागे राहिला नाही. पिवळ्या टोपीची मुलगी जोर लावत होती, पण प्रत्येक पावलाला तिची स्की जरा अडत होती. रूथ लांब, संथ, पाय बाजूला टाकत येत होती आणि दर पावलाला दोन हात जास्त सरकत होती. तळ्याच्या मध्यावर तिने तिला गाठलं. शेवटी चार-पाच स्कीचं अंतर उरलं होतं. रूथ पहिली.

मी ओरडलो. खूप ओरडलो. अर्वो आयुष्यात कधी कुणाला मिठी मारत नसे. त्याने माझ्या टोपीवर एक टपली मारली. मी आजवर बरीच कामं केली, त्यानंतर दक्षिणेला परत येऊन मोठ्या कंपनीत मोठ्या पदावरून निवृत्तही झालो. पण मी कुठल्या कामात होतो असं कुणी विचारलं तर मी मेणच सांगतो, आणि का सांगतो ते आता कळलं असेल.

गर्दी ओसरल्यावर आम्ही तिघं पार्किंगमध्ये सामान भरत होतो. रूथ गाडीच्या मागच्या भागात, पाय खाली सोडून, कांबळं पांघरून बसली होती. तिला बघून मला वाटलं, आता सांगावं. आनंदाच्या वेळी माणूस माफ करतो, असाही एक हिशेब.

"अर्वो," मी म्हणालो, "मागच्या वर्षी तळ्याजवळचा जुना बर्फ मी पाहिला होता. निळं मेण टिकणार नाही हे मला त्या सकाळीच कळलं होतं. मी बोललो नाही."

त्याने हातातल्या स्की गाडीला टेकवून ठेवल्या.

"का?"

"तुमचं लावून झालं होतं. एवढ्या लोकांसमोर तुम्हाला चूक कसं म्हणणार होतो मी? तुम्ही मोठे."

"पण मी तुला विचारलं होतं."

"हो, पण ते आपलं... विचारण्यापुरतं."

अर्वोच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आज त्याच्या वयाचा झाल्यावर कळतं.

"श्री, तळ्यापर्यंत चालणं माझ्याने होत नव्हतं. नुसता सुरुवातीच्या जागचा बर्फ बघून मी निळं लावलं, आणि लावताना माझी खात्री नव्हती," तो म्हणाला. "खात्री असती तर तुला विचारलं कशाला असतं?"

रूथ आम्हा दोघांकडे बघत होती. मग ती जरा बाजूला सरकली आणि कांबळ्याचं एक टोक उचलून तिने मला शेजारी बसायला जागा करून दिली.